घरोघरची यंत्रे : बॅटरीला दोष देण्यापूर्वी

माझा पुतण्या पशुवैद्य आहे. फलटण तालुक्यातील एका गावी त्याचा दवाखाना आहे. परंतु दवाखान्यात तो क्वचितच सापडतो, कारण त्याचे रोगी त्याच्याकडे चालत येऊ शकत नाहीत. त्यालाच त्यांच्या गोठ्यापर्यंत जावे लागते, आणि त्या वाटा बहुधा मोटारीच्या नसतात. त्यामुळे गेली चार वर्षे त्याचा सारा व्यवसाय एका मोटारसायकलीवर चालला आहे. गेल्या पावसाळ्यात एका रात्री एकच्या सुमारास त्याला आदर्कीच्या बाजूने फोन आला. गाय अडली होती. वासराचा पुढचा एक पाय आत मुडपला होता. "तासाभरात पोचतो," असे सांगून तो निघाला.

अर्ध्या वाटेवर गाडीचा दिवा पिवळा पडू लागला. त्याने हॉर्न वाजवून पाहिला, तर त्याचाही आवाज सर्दी झाल्यासारखा निघाला. घाट लागला तेव्हा इंजिन दोनदा अडखळले आणि तिसऱ्यांदा बंदच पडले. बटण दाबले की खाली कोठेतरी ‘टक् टक्’ एवढाच आवाज येई. गाडीला किक नाही. उतारावरून ढकलून पाहिली, तरी ती जागी झाली नाही. पहाटे चारला दुधाचा एक टेंपो आला, त्यातून तो पुढे गेला. गाय वाचली, वासरू गेले. ज्या घरची ती गाय, त्या माणसांनी त्याला एका शब्दाने बोल लावला नाही, आणि त्याचेच त्याला अधिक लागले.

त्याची खरी चीड निराळीच होती. गाडीतील बॅटरी अवघी पाच महिन्यांची होती, आणि चौदा महिन्यांतील ती तिसरी! प्रत्येक वेळी गाडी गॅरेजात गेली, प्रत्येक वेळी "बॅटरी गेली" असे निदान झाले, आणि नवी बॅटरी बसवून गाडी हसतमुखाने परत आली. दुसऱ्या दिवशी त्याने मला फोन केला. "काका, तुम्ही यंत्रांवर लिहिता म्हणून विचारतो. हल्ली बॅटऱ्याच वाईट निघतात का हो?"

मी त्याला उलट विचारले, "गाडी चालू असताना बॅटरीवरचा दाब कोणी मोजला होता का रे?"

कोणीच मोजला नव्हता. आजचा हा लेख त्या एका प्रश्नाचा विस्तार आहे, असे म्हटले तरी चालेल.

आपल्या घरी पूर्वी पाण्याचे रांजण असत. संध्याकाळी रांजण कोरडा दिसला, तर रांजण फोडून कोणी नवा आणीत नसे. सकाळी विहिरीवर कोण गेले होते, ही चौकशी आधी होई. मोटारसायकलीची बॅटरी म्हणजे असा रांजण आहे. ती वीज निर्माण करीत नाही, साठवते. गाडी सुरू करताना सेल्फला जो मोठा प्रवाह लागतो तो ती क्षणभर पुरवते, आणि मग ती तूट भरून काढण्याचे काम इंजिनाकडे जाते. हे भरण जेथून होते त्याला चार्जिंगची व्यवस्था म्हणतात. ती व्यवस्था बिघडली की शिक्षा होते ती मात्र रांजणाला.

ही व्यवस्था समजण्यास कठीण नाही. चुंबक आणि तारेचे वेटोळे ह्यांपैकी एक दुसऱ्याजवळ हलत राहिले की तारेत विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो, हे १८३१ साली मायकेल फॅरडे ह्याने दाखवून दिले. तुमच्या गाडीच्या इंजिनाच्या बाजूला जे गोल झाकण दिसते, त्याच्या आत फॅरडेचा तोच प्रयोग मिनिटाला हजारो वेळा चाललेला असतो. इंजिनाच्या दांड्यावर चुंबके बसविलेली एक वाटी फिरते. मिस्त्रीलोक तिला नुसते ‘मॅग्नेट’ म्हणतात. तिच्या पोटात तांब्याच्या तारेची वेटोळी स्थिर बसविलेली असतात. ती ‘कॉइल प्लेट’. येथून निघणारी वीज उलटसुलट दिशेने वाहणारी, म्हणजे प्रत्यावर्ती असते. बॅटरीला हवा असतो एकाच दिशेचा प्रवाह, आणि तोही मोजक्या दाबाचा. ही दोन्ही कामे ज्या एका पंखेदार ॲल्युमिनियमच्या डबीकडे सोपविलेली असतात, तिला गॅरेजात ‘आर. आर. युनिट’ असे भारदस्त नाव आहे. ‘रेग्युलेटर’ म्हटले तरी कोणीही समजतो.

ह्या रेग्युलेटरची एक गंमत सांगण्याजोगी आहे. चुंबक कायमचे असल्यामुळे कॉइल प्लेटमधील उत्पादन थांबविता येत नाही. इंजिन जितके वेगाने फिरेल तितकी वीज येतच राहते. मग जादा विजेचे करायचे काय? पुष्कळशा गाड्यांत रेग्युलेटर ती वीज सरळ आडवून कॉइलकडेच परत वळवितो, आणि त्या खटाटोपात ती उष्णता होऊन जाते. पाटाला पाणी अधिक झाले की ते सांडव्यावरून काढून द्यावे, तसा हा प्रकार आहे. त्यामुळे काहीही बिघडलेले नसताना देखील रेग्युलेटर तापतो, कॉइल तापते, आणि त्यांना जोडणाऱ्या तारांतून सतत मोठा प्रवाह वाहत असतो. उष्णता हा ह्या सर्व मंडळींचा जन्माचा सोबती आहे. वारा लागावा म्हणून रेग्युलेटरला पंखे दिलेले असतात. त्यावर कोणी चिखल वाळू देतो, तर कोणी शोभेचे प्लास्टिकचे झाकण बसवितो, आणि मग तो का जळला म्हणून आश्चर्य करतो.

जुन्या गाड्या ह्याबाबतीत चांगल्या होत्या असे मी म्हणणार नाही. १९६० नंतर म्हैसूरला ज्या जावा मोटारसायकली बनू लागल्या, त्यांत सहा व्होल्टचा डायनॅमो असे. त्याचे कार्बन झिजत, रेग्युलेटरचे टोक काळे पडे, आणि रात्रीचा दिवा दिसण्यासाठी होता की दाखविण्यासाठी, हा प्रश्नच होता. विलायतेतील गाड्यांना विजेची सामग्री पुरविणाऱ्या ल्युकस ह्या बर्मिंगहॅमच्या कारखान्याला तर तेथील लोकांनी थट्टेने ‘अंधाराचा युवराज’ अशी पदवी देऊन टाकली होती. परंतु त्या जुन्या गाड्यांत दोन गुण होते. मद्रासला १९५५ पासून जी बुलेट तयार होऊ लागली, तिच्या दिव्याच्या टोपावर एक लहानसे अँपिअरमापक असे. मध्ये शून्य, एका बाजूस अधिक, दुसऱ्या बाजूस उणे. काटा अधिककडे झुकला तर रांजण भरतो आहे, उणेकडे झुकला तर रिता होतो आहे. ज्याला लिहितावाचता येत नाही त्यालाही ते कळे. दुसरा गुण असा, की पुष्कळ लहान गाड्यांत आणि स्कूटरांत ठिणगीची वीज बॅटरीवर अवलंबूनच नसे. बॅटरी मेली, किंबहुना मुळात नसली, तरी चार किका मारल्या की गाडी चाले. दिवा मंद असेल, पण माणूस घरी पोचे.

आज तो आधार सुटत चालला आहे. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींत इंजिन चालू आहे तोवर पुढचा दिवा आपोआप जळत राहील अशी रचना सक्तीची झाली. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ चे प्रदूषणाचे नियम आले, आणि बहुतेक गाड्यांतील कार्बुरेटर जाऊन त्याच्या जागी इंधन फवारण्याची विद्युत्-चालित व्यवस्था आली. टाकीतला पेट्रोलचा पंप विजेवर, किती फवारायचे हे ठरविणारा मेंदू विजेवर, ठिणगीही विजेवर. शिवाय अनेक गाड्यांची किकही काढून घेतलेली. हवा स्वच्छ राहते, पेट्रोल वाचते, थंडीत गाडी चटकन सुरू होते, हे सर्व खरे. त्याबद्दल तक्रार नाही. परंतु पूर्वी चार्जिंग बिघडले तर दिवा जाई, आता गाडी जाते. माझ्या पुतण्याने घाटाच्या उतारावर गाडी ढकलली तेव्हा ती का सुरू झाली नाही, ह्याचे उत्तर हेच आहे. पंप फिरविण्याइतकाही दाब बॅटरीत उरला नव्हता.

हिशेब करून पाहावा. त्याच्या गाडीची बॅटरी ९ अँपिअर-तासांची आहे. दिवा, मागचा दिवा, पंप आणि ठिणगी मिळून आठेक अँपिअर ओढतात असे धरले, तर पूर्ण भरलेली बॅटरी एकट्याच्या जिवावर गाडीला जेमतेम तासभर ओढील. अर्धी भरलेली असेल तर अर्धा तास. आणि ती अर्धीच भरलेली आहे, हे चालविणाऱ्याला सांगणारा काटा आता बहुतेक गाड्यांवर नाही.

आठवड्याने मी फलटणला गेलो. बाजारापासून थोडे आत एक वृद्ध गृहस्थ दुकान चालवितात. बाहेरच्या पाटीवर ‘डायनॅमो, सेल्फ, वायरिंग’ एवढेच लिहिलेले आहे. ट्रॅक्टर आणि मालमोटारी हे त्यांचे मुख्य गिऱ्हाईक. मोटारसायकली ते नाइलाजाने घेतात. सगळे त्यांना वस्ताद म्हणतात. पुतण्याने आपली कहाणी सांगितली, तेव्हा त्यांनी बॅटरीकडे पाहिलेसुद्धा नाही. "डॉक्टर, तुम्ही जनावराला आधी ताप लावून बघता का आधी इंजेक्शन देता?" एवढेच ते म्हणाले आणि मल्टिमीटर घेऊन आले.

आता जे झाले ते जरा सावकाश सांगतो, कारण ह्यात कोणालाही घरी करता येण्याजोगा भाग आहे. बॅटरी आदल्या रात्री बाहेरून चार्ज करून आणलेली होती. मीटरचा खटका एकदिश प्रवाहाच्या २० व्होल्टवर ठेवून वस्तादांनी लाल टोक बॅटरीच्या अधिक टोकाला आणि काळे उणे टोकाला लावले. गाडी बंद असताना १२.६ व्होल्ट भरले. शिशाच्या बॅटरीत सहा घट असतात आणि प्रत्येकाचा दाब सुमारे २.१ व्होल्ट, तेव्हा १२.६ म्हणजे रांजण काठोकाठ. १२.२ दिसले असते तर तो सुमारे निम्मा, आणि १२ च्याही खाली उतरले तर तळ दिसू लागला असे समजावे. मग गाडी सुरू केली. नीट चार्ज होणाऱ्या गाडीत इंजिनाचे फेरे तीन-चार हजारांवर नेले की बॅटरीच्या टोकांवर साधारण १३.५ ते १४.५ व्होल्ट दिसले पाहिजेत. येथे दिसले १३.४.

"म्हणजे ठीकच की!" पुतण्या म्हणाला.

"थांबा जरा," वस्ताद म्हणाले, "थंड गाडी खोटं बोलते."

त्यांनी गाडी तशीच चालू ठेवली आणि दुसऱ्या कामाला लागले. दिवा जळतच होता. पंधरा मिनिटांनी परत येऊन त्यांनी तेच मोजमाप पुन्हा केले. १२.७. आणखी पाच मिनिटांनी १२.३, आणि काटेकोरपणे खाली खाली. गरम होताच गाडीने भरणे सोडून खाणे सुरू केले होते. गॅरेजातील मंडळींनी तिन्ही वेळा मोजमाप केले असते, तरी गाडी थंड असतानाच केले असते आणि गाडीला निर्दोष ठरविले असते, असे मला वाटते. ह्या रोगाची ही लबाडी आहे.

एवढे घरी करता आले की अर्धे निदान झाले: बॅटरी भरत नाही. का भरत नाही, हे शोधण्यासाठी वस्तादांनी सीट काढली आणि कॉइल प्लेटकडून रेग्युलेटरकडे जाणाऱ्या तीन तारा शोधल्या. पुष्कळ गाड्यांत ह्या तिन्ही पिवळ्या असतात. त्यांचा कपलर सोडून, इंजिन वेगाने फिरवून, दोन दोन तारांच्या तिन्ही जोड्यांमध्ये प्रत्यावर्ती दाब मोजला. तिन्हींत तो साठ व्होल्टच्या आसपास आणि जवळजवळ सारखा आला. ह्याचा अर्थ कॉइल प्लेट शाबूत. एखादी जोडी फार मागे पडली असती, किंवा कोणत्याही तारेचा इंजिनाच्या धातूशी संबंध जुळला असता, तर वेटोळे आत जळले असे समजून झाकण उघडावे लागले असते. तसे झाले की जळकट वास तेलालाही येतो, आणि मग रिवाइंडिंग किंवा नवी प्लेट ह्यांवाचून गत्यंतर नसते.

दोष सापडला तो ह्या मोजमापाच्या वाटेवरच. जो कपलर त्यांनी सोडला होता, तो त्यांनी पुतण्याच्या तळहातावर ठेवला. पांढऱ्या प्लास्टिकचा एक कोपरा तपकिरी होऊन वितळला होता. तीनपैकी एका पितळी पट्टीचा रंग निळसर काळा पडला होता, आणि तिची पकड इतकी सैल झाली होती की बोटाने हलवताच ती हलत होती. एवढाच रोग! पावसाळ्यात पाणी शिरले असेल, धुण्याच्या दुकानात जोराच्या फवाऱ्याने शिरले असेल, किंवा मुळातच ती पट्टी सैल बसली असेल. आता सांगणे कठीण आहे.

इतक्याशा सैलपणाने इतका अनर्थ कसा होतो, हे पाहणे उद्बोधक आहे. समजा, त्या जोडात केवळ एक दशांश ओहम रोध उत्पन्न झाला. तेथून १० अँपिअर प्रवाह वाहत असेल तर १ व्होल्ट दाब तेथेच खर्ची पडतो आणि १० वॅट उष्णता निर्माण होते. आपल्याकडे ज्याला ‘झिरोचा बल्ब’ म्हणत, तो प्रत्यक्षात बारा-पंधरा वॅट खात असे, आणि जळत असताना तो हाताने धरवत नसे. जवळपास तेवढी उष्णता नखाएवढ्या पितळी पट्टीत कोंडली गेली तर काय होईल? पट्टी तापते, तापल्याने तिची कमान ढिली पडते, पृष्ठभाग काळवंडतो, त्याने रोध वाढतो, आणि वाढलेल्या रोधाने ती अधिकच तापते. थंड असताना पट्टी कशीबशी टेकलेली असते म्हणून गाडी चार्ज होते. तापली की तीनपैकी एक वाट बंद होते आणि उत्पन्न बरेच घटते. दिवसा, मोकळ्या रस्त्यावर, वेगात ते कसेबसे पुरते. रात्री, घाटात, कमी वेगात पुरत नाही. पशुवैद्याला बोलावणे येते ते नेमके अशाच वेळी.

नवी बॅटरी बसविली की काही महिने सर्व सुरळीत का चाले, ह्याचाही उलगडा झाला. नवी बॅटरी भरलेली येते. ती आपल्या गंगाजळीतून रोज थोडे थोडे देत राहते, गाडी रोज थोडे कमी परत करते, आणि ही उसनवारी संपेपर्यंत कोणाला काही कळत नाही. बदललेली बॅटरी हे औषध नव्हतेच. दुखणे लपविणारे पांघरूण होते. आणि अर्धपोटी राहिलेली बॅटरी पुढे खरोखरच बिघडते, कारण रिकाम्या अवस्थेत शिशाच्या पट्ट्यांवर गंधकाच्या क्षाराचे कठीण स्फटिक जमतात आणि ते मग चार्ज करूनही सहज सुटत नाहीत. मेलेली बॅटरी हातात धरून "हिच्यामुळे झाले" म्हणणारा मेकॅनिक अगदीच खोटे बोलत नसतो, एवढे त्याच्या बाजूने म्हटले पाहिजे. तो शेवटची घटना सांगत असतो.

वस्तादांनी जळका कपलर कापून टाकला, तारा चकचकीत होईपर्यंत सोलल्या, नवा कपलर बसवून आतील पट्ट्या डाखवल्या आणि वर पेट्रोलियम जेलीचा पातळ हात फिरविला. रेग्युलेटरची जमिनीची तार गाडीच्या सांगाड्याला जेथे जोडली होती तेथे गंज होता, तो खरवडला. मग गाडी वीस मिनिटे चालवून मोजली : १४.२. मजुरी धरून जो खर्च आला, त्यात एका बॅटरीचा चौथा हिस्साही आला नसता.

हे दुर्दैव केवळ आपल्या खेड्यापाड्यांतील वापराचे आहे, असे मात्र समजू नये. जपानच्या सुझुकी कारखान्याने १९७६ पासून जी. एस. मालिकेतील मोठ्या मोटारसायकली काढल्या. त्यांची इंजिने टिकाऊपणाबद्दल नावाजली गेली; पण त्याच गाड्यांचे चार्जिंग वारंवार जाई, ह्याबद्दलही त्या तितक्याच प्रसिद्ध झाल्या. त्यांपैकी अनेकींत कॉइलची एक तार रेग्युलेटरकडे सरळ न जाता दिव्याच्या बटणापर्यंत वर जाऊन, तेथून फिरून खाली येई. वाटेत तितके जोड अधिक, तितके काळवंडण्याचे धोके अधिक. जाणत्या मालकांनी पुढे ती तार सरळ रेग्युलेटरला जोडली आणि रेग्युलेटरची जमिनीची तार सांगाड्याच्या भरवशावर न ठेवता बॅटरीच्या उणे टोकाला नेली. आमच्या वस्तादांना त्या गाड्या ठाऊक असण्याचे कारण नाही. पण उपाय दोघांना एकच सुचला.

घरच्या घरी जे करता येते त्याविषयी थोडे. पाचशे रुपयांच्या आत साधा मल्टिमीटर मिळतो. घरातील इतर कामांनाही तो उपयोगी पडतो. महिन्यातून एकदा, गाडी बाहेरून गरम होऊन आल्यावर, बॅटरीवरचा दाब मोजावा. इंजिन चालू असताना बॅटरीची तार काढून "चार्जिंग आहे का" पाहण्याची जी एक जुनी युक्ती आहे, ती कृपा करून करू नये. डायनॅमोच्या काळी ती कदाचित खपून जात असेल. आजच्या गाडीत दाब एकदम उसळून गाडीचा महागडा मेंदू जळू शकतो. बॅटरी काढताना उणे तार आधी सोडावी, बसविताना ती शेवटी लावावी, म्हणजे पाना सांगाड्याला लागून ठिणगी पडत नाही. घरी चार्जर असेल तर बॅटरी सावकाश भरावी. ९ अँपिअर-तासांच्या बॅटरीला एक अँपिअरच्या आतला प्रवाह पुरे. चार्ज होताना ज्वालाग्राही वायू निघतो, म्हणून देवघराच्या किंवा शेगडीच्या खोलीत हे काम नको.

हौसेने बसविलेले जादा दिवे हा एक वेगळा विषय होईल. ५५ वॅटचे दोन जादा दिवे म्हणजे नऊ अँपिअरहून अधिक मागणी; लहान गाडीची कॉइल एवढे मुळात देऊच शकत नाही, आणि चौकात गाडी मंद फिरत असताना तर अजिबात नाही. फोन चार्ज करण्याच्या खाचेला एखादा अँपिअर लागतो, त्याची भीती नको. उलट गाडी महिनोन्‌महिने उभी ठेवणे वाईट. २०२० च्या टाळेबंदीत कित्येक घरी उभ्या गाड्यांच्या बॅटऱ्या अशाच संपल्या. दहा मिनिटे जागच्या जागी इंजिन चालविल्याने फारसे भरत नाही. त्यापेक्षा उणे तार सोडून ठेवलेली बरी.

पुतण्याच्या गोठ्यातल्या फळीवर आधीच्या दोन ‘मेलेल्या’ बॅटऱ्या पडून होत्या. वस्तादांनी त्या मागवून घेतल्या आणि दोन रात्री सावकाश चार्ज केल्या. पहिली खरोखरच संपलेली निघाली. ती विक्रेत्याकडे परत गेली. २०२२ च्या बॅटरी-कचरा नियमांप्रमाणे जुन्या बॅटऱ्या गोळा करून त्यांतील शिसे पुन्हा उपयोगात आणण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, आणि शिसे हे विष असल्याने ती घरात, विशेषतः लहान मुले असलेल्या घरात, ठेवू नये वा भंगाराच्या ढिगावर फेकू नये. दुसरी मात्र दोन दिवसांनीही १२.६ दाखवीत होती. म्हणजे धडधाकट बॅटरी काढून टाकून तिसरीचे पैसे मोजले गेले होते! आता ती गोठ्यातला दिवा जाळते.

मी निघण्याच्या आदल्या दिवशीची गोष्ट. आमच्या सूनबाई शेजारच्या गावी प्राथमिक शाळेत शिक्षिका आहेत आणि स्कूटरने जातात. मल्टिमीटर घरात आलाच होता. शाळेतून आल्या आल्या त्यांनी सीट उचलून आपल्या गाडीचे मोजमाप केले आणि मला हाक मारली. "काका, तुम्ही साडेचौदापर्यंत म्हणाला होता ना? हे बघा, पंधरा पॉइंट चार दाखवतंय. जास्त आहे म्हणजे चांगलंच ना?"

चांगले नव्हते. रेग्युलेटर आवरायचे विसरला होता. सांडवा बंद होऊन सगळे पाणी रांजणात चालले होते. बॅटरीला हात लावला तर ती ऊबदार लागली आणि अंडी कुजल्यासारखा बारीक वास येत होता. आणखी काही आठवड्यांत ती फुगली असती, दिवे एकामागून एक उडाले असते, आणि गॅरेजात निदान काय झाले असते ते वाचकांना सांगायला नकोच. दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या आधी पुतण्याने रेग्युलेटर बदलून आणला. गाडी गरम करून सूनबाईंनी पुन्हा मोजले : १४.१. बॅटरी तीच आहे.